सलाईनच्या बाटलीतली रास्ना

वैनी, तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. शोकसभेत लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही मंडळी कुणाबद्दल बोलून राहिलीत? तू हट्टी होतीस. तुझा हट्ट आवाज न करता चालायचा, म्हणून लोकांना तो सोशिकपणा वाटला. मी तुझी नणंद, त्याआधी तुझी आतेबहीण, आणि लग्न न करता भावाच्या घरी राहिलेली, म्हणजे उभा जन्म तुझ्यासोबत एका छपराखाली काढलेली. तू कशी होतीस हे मला दुसऱ्यांनी सांगायची गरज नाही.

आपलं शेवटचं भांडण नांदेडच्या दवाखान्यात झालं. दादा औषधं आणायला खाली गेला होता. मी तुझ्या हातातली सुई नीट बसली आहे का ते बघत होते, कारण नर्सची नोकरी संपली तरी हाताची सवय संपत नाही. तू वर टांगलेल्या सलाईनकडं बघत होतीस. म्हणालीस, "आता पलाष्टिकच्या करून टाकल्या गं सगळ्या. हिच्यात काय पेरावं मानसानं?" मी हसले. मग तू डोळे माझ्याकडं वळवलेस.

"आपल्या बाटल्या उघडल्या का?"

"कशा उघडू? मी इथं तुझ्यापाशी बसून राहिले ना. आन् या उन्हात उघडून आतली रोपं मारायची का? पाऊस पडू दे, मग बघू."

"पावसाची वाट बघत बसशील तर," तू म्हणालीस, आणि तेवढ्यात दादा पिशवी घेऊन आला. वाक्य तिथंच राहिलं. पुढं तू बोललीस, पण ते तुटक, पाणी दे, कूस बदल, असं. त्या वाक्याचा उरलेला भाग मला पाठ आहे, तू तो मला हजारदा ऐकवलास. पण तू तो पुरा केला नाहीस आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दादाची बदली नांदेडहून इकडं झाली, ते दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असत. सगळं नवं होतं. हापिसांना इमारती नव्हत्या, साहेबांना टेबलं नव्हती, दादा कुठल्याशा गोदामात बसून कारकुनी करायचा. मला दवाखान्यात स्टाफ नर्सची जागा मिळाली, तुला कॉलेजच्या प्रयोगशाळेत. वनस्पतीशास्त्राची बी.एस्सी. झालेली तू, बिलोलीकडची, आमच्या मामाची मुलगी, आत्याच्या घरी सून म्हणून आलेली. क्वार्टर मिळणार म्हणून आपण तिघं जागा बघायला गेलो, तर तिथं क्वार्टर नव्हतंच. आमराई होती, आणि ती तोडून राहिले होते.

आंबे आडवे पडले होते. मजूर बाया फांद्या ओढून ढिगाला लावत होत्या. तू चालता चालता थांबलीस आणि नाक वर केलंस. मलाही वास आला. पिकलेली द्राक्षं फोडल्यावर सुटतो तसा गोड, आणि त्यात जराशी वेलची. भर दुपारच्या उन्हात, लाकडाच्या भुशात, तो वास कुठून यावा? तू ढिगात हात घातलास आणि एक फांदी ओढून काढलीस. तिच्यावर पट्ट्यासारख्या जाड पानांचं एक रोप, सालीला मुळं घट्ट रोवून बसलेलं, आणि त्याला फुलांचा तुरा. पिवळसर फुलं, त्यांवर तपकिरी जाळी, मधे निळसर जांभळी जीभ.

"बांडगूळ हाय ते बाई," एक मजुरीण म्हणाली. "झाडाचं रगत पितंय."

"न्हाई पीत," तू म्हणालीस. "नुसतं बसतंय झाडावर. हवा खाऊन राहतंय."

ती बाई हसली. "हवा खाऊन आमी बी राहिलो असतो, तर इथं कशाला आलो असतो?" तूही हसलीस, पण फांदी सोडली नाहीस. रोप तुटून त्याची दोन शकलं झाली होती, दोन्ही पदरात गुंडाळलीस. घरी आल्यावर गल्लीतल्या वैद्यांनी ओळखलं. रास्ना म्हणाले, आमच्याकडं हिची मुळं औषधात घालतात. मुळं मागितलीही त्यांनी. तू सरळ नाही म्हणालीस, चहा मात्र पाजलास.

तुझ्या मनात तेव्हाच काय होतं ते आम्हाला कळायला वेळ लागला. तुला एक रोप जगवायचं नव्हतं. तुला आमराई परत हवी होती, निदान तिच्यावर बसणारं ते झाड तरी. बियांपासून रोपं करायची आणि शहरात जिथं जिथं आंबा दिसेल तिथं बांधायची, असं तू एकदा भाकरी थापताना सांगितलंस. दादा म्हणाला, "कलेक्टरसाहेबाला सांगू का? नव्या जिल्ह्याच्या योजनेत घालतील." तू त्याच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकलीस.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही शकलांना फुलं आली. तू काडीनं एका फुलातला पिवळा दाणा उचलून दुसऱ्यात ठेवलास. शेंग धरेना. परत केलंस. एखादी धरायची, बोटाएवढी व्हायची आणि पिवळी पडून गळायची. मी म्हणाले, "वैनी, ही दोन्ही एकाच रोपाची शकलं हाईत. बहीण-भाऊसुदिक न्हाईत ही, एकच हाईत."

"मग काय झालं? आमच्याकडं सख्ख्या मामाला पोरगी देतात. मला न्हाई का दिली आत्याच्या घरी? आपल्यात चालतं."

पदवीधर बाई, आणि फुलांच्या बाबतीत बिलोलीच्या सोयरिकीचा न्याय लावून बसली. सगळा हंगाम तू त्या एका रोपाचं त्याच रोपाशी लग्न लावत राहिलीस. शेवटी तुझ्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की या जातीच्या ऑर्किडला आपलाच पराग चालत नाही, परका लागतो. ते तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. नुसता आईला निरोप धाडलास, की आत्या, कंधारकडं आंब्यावर असं बांडगूळ दिसलं तर फांदीसकट घेऊन या.

आई एस.टी.नं आली. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. कंडक्टरनं विचारलं, "आजी, हे काय घेऊन चालल्या?" आई म्हणाली, "नवरदेव हाय बाबा. लातूरला सोयरीक ठरली." हे तिनं आपल्याला इतक्यांदा सांगितलं की मी त्या गाडीत होते असं मला वाटायला लागलंय.

कंधारच्या नवरदेवाचा दाणा लातूरच्या नवरीला लागला आणि शेंग धरली. टिकली. तू रोज सकाळी चहाच्या आधी तिला बघायला जायचीस. एकदा मला म्हणालीस, "बघ, झाडाचंसुदिक जमलं. तुझंच तेवढं राहिलं." मी म्हणाले, "माझं राहिलं न्हाई. मी ठेवलंय." त्यानंतर तू माझ्या लग्नाचं नाव काढलं नाहीस. लोकांनी काढलं तर तू त्यांना गप्प करायचीस, ते मी स्वयंपाकघरातून ऐकायची. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

शेंगेत पिठासारखं बी. इतकं बारीक की शिंक आली तर गेलं. त्याच्या पोटात अन्नच नसतं, तू सांगितलंस, रानात एक बुरशी त्याला भरवते तेव्हा ते रुजतं. आपल्याकडं ती बुरशी नव्हती, मग आपण भरवायचं. आणि इथं माझी गरज पडली. दवाखान्यात काचेच्या रिकाम्या सलाईनच्या बाटल्या भंगारात जायच्या, त्या मी विचारून घरी आणायला लागले. तुझी खीर ठरलेली, साखर, नारळाचं पाणी, घट्ट व्हायला चायना ग्रास आणि अर्धापूरचं केळ कुस्करून. केळ अर्धापूरचंच पाहिजे हा तुझा हट्ट. मी म्हणाले, बियाला काय कळतं केळ कुठलं ते. तू म्हणालीस, "मला कळतं ना."

ती खीर बाटल्यांत भरून मोठ्या कुकरात शिजवायची. पहिल्या खेपेला सगळ्या बाटल्यांत भलतीच, नासवणारी बुरशी आली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या वेळी मी तुला ओट्यापासून बाजूला केलं. केस बांध, तोंडाला फडकं लाव, बोलू नको, पंखा बंद, दार बंद. स्पिरिटचा दिवा मधे, चिमटा जाळून घ्यायचा, शेंग स्पिरिटात बुडवून पेटवायची आणि मग चिरायची. ओट्याचं मी ऑपरेशन थिएटर केलं होतं. आई बाहेरून विचारायची, "काय झालं गं? पोरगा का पोरगी?" तुला हसू आवरेना आणि मी तुला चिमट्यानं मारलं. त्या खेपेला बुरशी आली नाही. बऱ्याच दिवसांनी बाटलीच्या तळाशी हिरवे ठिपके दिसले. तू बाटली खिडकीपाशी धरून उभी होतीस आणि तुझे डोळे भरले होते. मी दुसरीकडं बघितलं.

बाटलीचं तोंड लहान. बी आत जातं, पण रोपं मोठी झाली की बाहेर येत नाहीत. बाहेर काढायची तर बाटली टॉवेलात गुंडाळून फोडावी लागते. आणि ती फोडायची वेळ आली तेव्हा दुष्काळ पडला होता.

त्या दुष्काळाचं मी काय सांगणार? हंडे, रांगा, न्हाणीत खाली घमेलं ठेवून आंघोळ, ते पाणी भांड्यांना. रोपांना मात्र ते चालत नव्हतं, आणि बोअरचं खारं पाणीही नाही, मुळं जळायची. पिण्याच्या पाण्यातलंच द्यावं लागायचं. आपण बाटल्या फोडल्या, नखाएवढी रोपं धुतली, आणि तिथं आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, सगळी घरात ठेवायची, माठाच्या तिवईखाली, ओल्या पोत्याच्या आडोशाला. पाऊस पडला की मग बाहेर. तू म्हणालीस, अर्धी आत्ताच आंब्याला बांधायची. क्वार्टर बांधताना मागच्या अंगणात एक आंबा चुकून राहिला होता, त्याला.

"मरतील," मी म्हणाले.

"काही मरतील."

"आन् हे चालतं तुला?"

"करुणे, पावसाची वाट बघत बसशील तर त्यांना पाऊस म्हंजे काय हेच कळायचं न्हाई. हे उन्हातलं झाड हाय. माठाखाली जगंल, पन नुसतं जगंल."

"मी नर्स हाय वैनी. आधी जगवायचं, मग बाकीचं."

तू भांडलीस का पुढं? नाही. मी ड्यूटीवरून आले तर अर्धी रोपं आंब्याच्या सालीला जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधलेली होती आणि तू शांतपणे तांदूळ निवडत होतीस. हा तुझा सोशिकपणा. मी तुझ्याशी अबोला धरला. मीठ मागायचं तरी दादामार्फत. दादा म्हणायचा, "मी काय पोस्टमन हाय का?"

आंब्यावरची बहुतेक वाळली. रोज एखादी चिंधी रिकामी दिसायची आणि मी ती तुला दिसेल अशी खिडकीत ठेवायची. पण थोडी राहिली. त्यांनी साल धरली, पानं बुटकी आणि तांबूस झाली, आणि ती हलेनात. माठाखालची माझी सगळीच्या सगळी जगली, लांब, हिरवीगार. पण पहिलं फूल आंब्यावर आलं. माझ्या रोपांना त्यानंतर किती वर्षं फूल नव्हतं. तू म्हणायचीस, बघ. मी म्हणायची, तुझी किती मेली ते मोज. दोघींनाही वाटायचं आपण जिंकलो, आणि हे भांडण आपण जेवताना, भाजी निवडताना, पाहुण्यांसमोर, दादाच्या सेवानिवृत्तीच्या दिवशीसुद्धा केलं. त्यात मजाही होती, हे आता म्हणायला हरकत नाही.

क्वार्टर सोडलं तेव्हा तू त्या आंब्याची कोय आणून आपल्या नव्या घरापुढं लावलीस. पुढं क्वार्टरमागचा तो आंबा तोडला गेला, त्याच्यावरच्या रास्ना त्याच्याबरोबर गेल्या. कंधारचा नवरदेव, लातूरची नवरी केव्हाच गेले होते. राहिली माठाखालून आपल्या गच्चीवरच्या जाळीखाली गेलेली माझी रोपं, आणि तू त्यांच्यातून परत एकदा सोयरीक जमवून बियाणं केलंस. काचेच्या शेवटच्या काही बाटल्या मी जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यांत पेरलंस. मग तुझं दुखणं निघालं. आपण नांदेडला गेलो, घराला कुलूप लागलं, आणि उन्हाळा आला.

तुला लातूरला आणलं त्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही. तुझं सगळं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर गेले. जाळीखाली एकही हिरवं पान नव्हतं. कुंड्यांतली मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती. शहरात पाणी रेल्वेनं येत होतं, माणसांना पुरेना, कुलूपबंद घरातल्या कुंड्यांना कोण घालणार? तुला हे माहीत नव्हतं, ते बरंच झालं, असं मला वाटलं. मग लगेच वाटलं की तुला माहीत असणार. तू कुंड्यांबद्दल विचारलंच नव्हतंस, बाटल्यांबद्दल विचारलं होतंस.

मी खाली येऊन तुझ्या खोलीतलं कपाट उघडलं. बाटल्या तिथं होत्या. बूच लावलेलं, आत काचेला घामाचे थेंब, आणि बुडापासून गळ्यापर्यंत हिरवंगार. सगळ्या घरात तेवढंच जिवंत होतं, कारण त्यांचं पाणी त्यांच्यापाशीच होतं. मी जमिनीवर बसले आणि एक बाटली मांडीवर घेतली. खीर संपत आली होती. पानं बुचाला टेकून वाकली होती, खालची पिवळी पडायला लागली होती. आत ठेवली तर पावसाळ्यापर्यंत टिकणार नव्हती, आणि बाहेर काढली तर हा उन्हाळा होता. ही गेली की तुझी रास्ना संपली. आमराईतली ती फांदी, आईची एस.टी., सगळंच.

दादाला सांगितलं की बाटल्या फोडायच्यात. तो नको म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"तिच्या हातच्या बाटल्या हाईत त्या. बूच तिनं लावलंय. राहू दे तशाच कपाटात."

"सडतील दादा."

"सडू दे. आता कुणासाठी करून राहिली तू हे? ती न्हाई, तुझी साठी उलटली, माझे गुडघे चालत न्हाईत. कोण बघणार फूल?"

मी खरं सांगते वैनी, मला त्याचा राग आला नाही. त्याच्यासारखं मलाही वाटत होतं, की बाटल्या तशाच असाव्यात, आणि अधूनमधून कपाट उघडून बघावं. पण मी आयुष्यभर दवाखान्यात माणसं बघितली. माणूस गेल्यावर घरची मंडळी त्याच्या उशाचं पाणी हलवू देत नाहीत, त्याची चप्पल हलवू देत नाहीत, आणि कुणीतरी एकानं उठून ते हलवावं लागतं. मी दादाला दवाखान्यातलं तुझं ते अर्धं वाक्य सांगितलं. त्यानं उठून एक बाटली हातात घेतली. मग म्हणाला, "टॉवेल कोणता घेऊ?"

बाटली त्यानं धरली, हातोडी मी. पहिली फुटली तेव्हा आवाजानं आम्ही दोघंही दचकलो. आपण बौद्ध, आपल्यात अंत्यविधीला मडकं फोडत नाहीत, तरी दोघांच्याही मनात तेच आलं असणार. मग काचा बाजूला करून मी चिमट्यानं रोपं वेगळी केली, मुळांना चिकटलेली खीर जारच्या पाण्यात धुतली. त्या खिरीला अजून केळ्याचा वास होता. दादानं तो हुंगला आणि म्हणाला, "अर्धापूरचं." आणि मग त्याला रडू फुटलं. मी त्याला रडू दिलं आणि पुढची बाटली टॉवेलात गुंडाळली.

आता मी काय केलं ते ऐक आणि फार खूश होऊ नको. अर्धी रोपं घरात माठाच्या तिवईखाली, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवली. अर्धी तुझ्या कोयीच्या आंब्याला बांधली, तुझ्याच सुती साडीच्या चिंध्यांनी, उत्तरेच्या बाजूला जिथं ऊन कमी लागतं. मी हरले म्हणून नाही बांधली. तुझ्या बाजूनं भांडायला आता कुणी नाही, आणि एकाच बाजूनं भांडण चालत नाही, म्हणून बांधली.

दोन दिवसांनी जलदान विधी होता. भंतेजी आले, त्रिशरण झालं, परित्राणपाठ झाला. जलदानाला पाणी कुठलं घ्यायचं हा प्रश्न होता, शेवटी विकतच्या जारमधलंच घेतलं. मी वाटीखाली ताट न ठेवता आपली मोठी परात ठेवली. दादाच्या हातात तांब्या दिला. भंतेजी पाठ म्हणायला लागले आणि म्हणाले, वाटी भरून वाहू द्या, धार थांबवू नका. या पाण्याबरोबर पुण्य गेलेल्या माणसाकडं जातं, अशी आपली रीत.

दादानं धार धरली. वाटी भरत गेली, काठोकाठ आली, आणि दादाचा हात थांबला.

त्यानं मुद्दाम थांबवला नाही. दुष्काळात ज्यानं पाण्याचा थेंब सांडू दिला नाही, तो हात आपोआप थांबला. खोलीत बसलेल्या कुणाचाही हात तिथंच थांबला असता. भंतेजी हळू म्हणाले, "वाहू द्या." पण दादाच्या हातातला तांब्या वाकडा होईना. तुला द्यायचं शेवटचं पाणी होतं आणि ते त्याच्याच्यानं सांडवत नव्हतं.

मी म्हणाले, "सांड दादा. खाली परात हाय. वाया जायचं न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. परातीकडं बघितलं. आणि तांब्या कलता केला. पाणी वाटीच्या चहूबाजूंनी वाहायला लागलं, परातीत पडल्याचा आवाज व्हायला लागला. तू गेल्यापासून मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

पाठ संपल्यावर दादा आणि मी परात धरून बाहेर गेलो. तो पाणी झाडाच्या बुडाशी ओतणार होता, तशी पद्धत आहे. मी त्याला थांबवलं आणि ओंजळीनं एकेका चिंधीवर पाणी सोडायला लावलं. त्याचे गुडघे दुखत होते तरी तो प्रत्येक रोपापाशी वाकला. पाहुणे दारात उभे राहून बघत होते, त्यांना वाटलं असेल हा बिलोलीकडचा काही प्रकार असावा. उरलेलं पाणी मी आत नेऊन माठाखालच्या रोपांना दिलं. तुझ्या वाटणीत आणि माझ्या वाटणीत मी फरक केला नाही.

फूल यायला किती वर्षं लागतात ते तुला माहीत आहे. मला तोवर जगावं लागणार, आणि मी जगणार आहे, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. दादालाही तसंच बजावलं आहे. माठाखालचं आधी फुललं तर मी जिंकले, आंब्यावरचं फुललं तर तू. वास सुटला की निकाल लागेल.

आंब्यावरच्या बऱ्याच चिंध्या रिकाम्या झाल्यात, त्या मी खिडकीत ठेवल्या आहेत, जुन्या रीतीप्रमाणे. पण आज सकाळी चहाच्या आधी बघायला गेले, तर एका बुटक्या रोपाला नवं मूळ सुटलेलं दिसलं, टोकाला हिरवं, साल धरायला निघालेलं. मी दादाला हाक मारली, तो गुडघ्यावर हात ठेवत आला आणि मी त्याला ते बोटानं दाखवलं.

पाऊस अजून पडलेला नाही, वैनी.